बाक क्रमांक सातची हवा

बाक क्रमांक सात कापण्यात आला. त्याच्या आतल्या माशा जळाल्या, मध हिरवळीवर गळला आणि मुंग्यांनी तो दीड दिवसात संपवला.

तर असं काही झालेलंच नाही. कार्यालयाच्या नोंदवहीत बाक क्रमांक सहा आहे, बाक क्रमांक आठ आहे, मधला सात नाही. जो बाक नव्हताच तो कापला कसा जाईल? आपणही कार्यालयापेक्षा जास्त शहाणपण न करता बाक जागेवर आहे असं धरून चालू.

बाक जागेवर आहे. चंद्रपुरातल्या एका मध्यम उद्यानात, करंजाखाली, कुंपणाकडे पाठ करून. जाड लोखंडी पाइपांचा, हिरवा. नोंदवहीत बाक अकरा असल्यामुळे पाइपांची तोंडं बंद करायला टोपणं बावीस आली होती. बाक प्रत्यक्षात बारा. बसवणाऱ्यानं कुठून तरी तेविसावं टोपण पैदा केलं, चोविसावं काही त्याला मिळालं नाही. म्हणून बाक क्रमांक सातच्या पाठीच्या वरच्या पाइपाचं डावं तोंड उघडं राहिलं, आणि कारकुनाच्या या चुकीत मोहरीएवढ्या काळ्या माशांचं एक अख्खं गाव वसलं. या माशा चावत नाहीत. त्यांच्याजवळ चावायला काही नाहीच. त्या झाडांचा डिंक गोळा करून दाराशी एक नळी बांधतात आणि नळीच्या तोंडाशी चारपाच जणी पहाऱ्याला बसतात. चावता येत नसताना पहारा कशाचा, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. चंद्रपुरात डिंक कमी आणि रंगरंगोटी जास्त, त्यामुळे त्यांच्या नळीत कुंपणाच्या ओल्या रंगाचा हिरवा, रस्त्याच्या डांबराचा काळा आणि कोळशाच्या धुळीचा करडा असे तीन थर होते.

या माशा कमलाबाईच्या होत्या.

कमला ही इसरूची बायको. इसरू कुळमेथे, वय बासष्टच्या आसपास, गाव आलापल्लीपलीकडे जंगलात. त्यांच्याकडे रीत अशी की ज्याला झाडात पोळं आधी दिसलं, त्यानं बुंध्याला लांब गवताची गाठ बांधायची. गाठ बांधली की ते पोळं त्याचं. मग तिथून राजा जावो की रेंजर, गावचं कोणी त्याला हात लावत नाही. गाठ बांधणारा मेला तरी घरच्यांनी गवत वाळायच्या आत बदलत राहायचं. बदलत राहिले तोवर पोळं त्याच माणसाचं. आणि गाठ सोडायची ती बांधणाऱ्याच्या घरच्यानंच. या रीतीचा आणखी एक भाग आहे, जो पुढे महागात पडला: गाठ बांधली की तोंडानं काही बोलायचं नाही. खूण बांधून वर सांगत फिरणारा माणूस म्हणजे स्वतःच्या खुणेवर भरवसा नसलेला माणूस.

चाळीस वर्षांच्या संसारात इसरूनं अकरा पोळी शोधली होती. कमलानं सव्वीस. हा हिशोब ती भाकरी वाढताना, भांडताना आणि विशेषतः पाहुणे आले की काढायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायचं होतं आणि ते गावात होत नव्हतं, म्हणून दोघं चंद्रपुरात लेकीकडे आले. लेक रीना एका शाळेत शिपाई, जावई दिनेश रोज गाडीनं बल्लारपूरला कामाला. दोन खोल्यांत चार माणसं झाली की म्हातारी माणसं बागेत जातात. हीही गेली. मार्गशीर्षात एका सकाळी कमला हिरवळीवर पाय पसरून बसली होती आणि इसरू बाकावर.

"उठा," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुमी ज्याच्यावर बसून राह्यले त्याच्यात माशा हायत."

इसरू महिनाभर रोज त्याच बाकाला टेकून बसत होता. त्यानं वळून पाहिलं. डाव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर नळी होती आणि पहारेकरणी त्याच्याकडे बघत होत्या.

"सत्तावीस," कमला म्हणाली.

उद्यानातलं गवत आठवड्याला कापलं जायचं, ते गाठीला पुरणारं नव्हतं. इसरूनं कुंपणापलीकडच्या नालीकाठचं लांब कुसळीचं गवत उपटून आणलं. कमलानं दोन पीळ दिले, एक फास मोकळा ठेवला, ही तिच्या घराण्याची गाठ. नुकतंच रक्त धुऊन आली होती, तरी गाठ सरळ बसली. नंतर ती त्या बाकावर कधीच टेकून बसली नाही. पुढे सरकून, काठावर बसायची, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसल्यासारखी.

होळीच्या आधी तिला दवाखान्यात नेलं ते शेवटचं. ऑटोत बसताना ती रीनाला काही बोलली नाही, घराबद्दल नाही, देवाबद्दल नाही. इसरूला म्हणाली, "गवत वाळलं असन. बदला."

दुसऱ्या दिवशी सकाळी इसरूनं गवत बदललं आणि दुपारी कमला गेली.

तेरावं झाल्यावर रीनाला वाटलं, बाबा आता गावाला जाईल. बाबा गेला नाही. चंद्रपूरच्या उन्हात कुसळी पंधरा दिवसांत कडक होते. कोणी तरी बदलायला हवं. रीनानं एकदा विचारलं, "गावात करमत नाई का तुमाले?"

"काम हाय इथी," इसरू म्हणाला.

हे काम तो मन लावून करायचा. सकाळी आठला बागेत, काठावर बसायचं, नळीकडे बघायचं, गवत चाचपायचं. उद्यानाचे सुपरवायझर गुणवंतराव फाटकाजवळच्या खोलीत बसायचे. ते गाठ रोज बघायचे आणि काढायचे नाहीत, यापलीकडे दोघांची ओळख नव्हती. गुणवंतरावांच्या अधिकारात कचरा म्हणजे काय हे ठरवणं येत होतं आणि त्यांनी गाठ कचऱ्यात धरली नव्हती. एवढी मैत्री पुरेशी असते.

पुढच्या जानेवारीत बागेला चांगले दिवस आले. जंगली माशा शहरातून कमी होत आहेत, असं कुठल्या तरी मोठ्या बैठकीत ठरलं आणि हे उद्यान 'वन्य मधमाशी उद्यान' करायचा आदेश निघाला. उद्घाटन जागतिक मधमाशी दिनी, वीस मे. नागपूरहून दिव्यानी नावाची सल्लागार आली. वय सव्वीस, कानात माशांच्या आकाराचे डूल, आणि माशांवर तिचं खरोखर प्रेम होतं, हे आधीच सांगितलेलं बरं, नाही तर पुढे तिच्यावर उगाच राग निघेल.

तिनं पहिल्या दिवशी बागेतल्या माशांची पाहणी केली. फुलांच्या प्रत्येक वाफ्यासमोर दहा मिनिटं उभी राहिली. मग तक्ता भरायला सावली शोधत येऊन बाक क्रमांक सातवर टेकून बसली. काठावर इसरू होता.

"काका, तुम्ही इथे रोज येता का?"

"येतो."

"कधी मधमाश्या दिसतात इथे?"

इसरूनं गाठीकडे पाहिलं. गाठ दिव्यानीच्या खांद्यामागे होती, तीनच दिवसांपूर्वी बदललेली, अजून हिरवी. यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं असतं?

"दिसतेत," तो म्हणाला.

"कुठे?"

"आपापल्या घरी."

दिव्यानी हसली आणि 'स्थानिक नागरिकांशी चर्चा केली' या रकान्यात बरोबरची खूण केली. तिच्या पेनावर एक काळी माशी येऊन बसली. तिनं चिलट समजून फुंकर मारली आणि 'आढळलेल्या वन्य माशा' यापुढे शून्य लिहिलं.

शून्य आल्यामुळे निधी ताबडतोब आला. माशांसाठी बांबूच्या नळ्या भरलेलं एक लाकडी खोकं खांबावर बसलं, त्यावर 'वन्य मधमाशी निवास, कृपया शांतता राखा' अशी पाटी. त्यात एक पाल राहायला आली आणि तिनं शांतता राखली. फायबरची नऊ फुटी माशी ट्रकमधून उतरली. तिला हसरा चेहरा होता आणि चेहऱ्यात दात होते. ती बसवायला सगळ्यांत छान सावली करंजाखाली होती. तिथला बाक काढायला कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, असा कागद फाटकावर लागला. इसरूनं तो रीनाकडून वाचून घेतला.

"लिहाचं का बाबा? मी लिहून देतो."

"गाठ हाय ना."

"बाबा, हे शहर हाय."

"गाठ हाय," इसरू म्हणाला, आणि विषय संपला.

पंधराव्या दिवशी तो गावाला निघाला. कमलाला वर्ष झालं होतं. त्यांच्याकडे वर्षानंतर गावाच्या शिवेवर मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात, भाऊबंद जमतात, जेवण होतं. निघायच्या आधी त्यानं बाकाला एकाऐवजी तीन गाठी बांधल्या. तीन गाठी त्यानं आयुष्यात कोणाच्या झाडाला पाहिल्या नव्हत्या. बांधताना त्याला जरा लाजच वाटली, जशी घराला तीन कुलपं लावताना वाटते.

दगड चांगला उभा राहिला. कमलाच्या भावानं विचारलं, बाईची किती पोळी? इसरू म्हणाला सत्तावीस, आणि शेवटचं कुठे सापडलं ते सांगितलं. लोखंडात माशा, शहरात, आणि नवरा त्यालाच टेकून बसलेला, यावर माणसं पोट धरून हसली. मोहाचा वास होता. वर्षभरात इसरू पहिल्यांदा हसला तो तिथे.

सहाव्या दिवशी तो परत आला आणि पिशवी घेऊन थेट बागेत गेला. फाटकावर गुणवंतराव उभे होते.

"इसरूभाऊ, या. चहा घ्या."

सव्वा वर्षात गुणवंतरावांनी कधी चहा विचारला नव्हता. इसरूला तिथेच कळलं.

"बाकाकडून येतो पह्यले."

"चहा घ्या ना आधी."

खोलीत दोघं बसले. चहावर साय धरली तरी कोणी कप उचलला नाही. मग गुणवंतराव भिंतीकडे बघत सांगू लागले.

"परवा कापाले आले होते. डोमा म्हणून कटरवाला होता, तुमच्याच तिकडचा. त्यानं गवत पाह्यलं अन् मशीन खाली ठेवली. म्हणे, बांधलेलं हाय, मी नाई कापत. मॅडम म्हणे, अरे गवतच तर आहे. तो म्हणे, गवत हाय म्हणूनच. अर्धा तास काम बंद. फाटकाच्या वहीतून नंबर काढून तुमाले सात खेप फोन लावला. आवाक्याबाहेर सांगे. एक खेप त तेलुगूत सांगतलं."

"मंग?"

"मंग डोमा म्हणे, ज्याची गाठ हाय त्यानं सोडली त मी कापतो. माणूस त गावाले. मॅडम निघून गेल्या. ठेकेदार डोक्यावर. शेवटी मी सोडल्या."

इसरूनं पिशवी खाली ठेवली.

"तोडल्या नाई. सोडल्या. नखानं." गुणवंतरावांनी शर्टाच्या खिशातून घडी काढली. 'मधमाशी वाचवा'च्या पत्रकात गुंडाळलेलं गवत होतं. तिन्ही गाठींचं, वेगवेगळं ठेवलेलं. पीळ अजून गेले नव्हते. "मले वाटलं, बाईच्या नावाचा नवस असन. बाक त काय, नवा येईन, नव्यावर बांधसान. कटर लागल्यावर पाइपातून मध गळाले लागला. डोमानं मशीन फेकली अन् खाली बसला. म्हणे, तुमीच सोडली ना, तुमी त्याच्या घरचेच ना? मी काय सांगू?"

"घरचे नाई तुमी."

"नाई. पण सव्वा वर्ष रोज पाहून राह्यलो मी तुमाले. एक डाव सांगतलं असतं आत माशा हायत म्हणून."

"खूण होती, गुणवंतभाऊ."

"ते मले वाचता येते का, इसरूभाऊ?"

इसरूनं गवत घेतलं. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण त्याच्या गावात सगळ्यांना वाचता येत होतं. त्याला रागवायचं होतं आणि समोर रागवण्यासारखं कोणी नव्हतं. डोमानं गाठ मानली होती. गुणवंतरावांनी गाठ तोडली नव्हती. दिव्यानीनं शून्य लिहिलं होतं तेव्हा तो तिच्या शेजारी बसला होता, आणि त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

तो करंजाखाली गेला. जमिनीत पाइपाची चार काळी वर्तुळं होती, ताट ठेवून उचलल्यासारखी. फायबरची माशी बाजूला कुशीवर पडून दात दाखवत होती. आणि जिथे बाकाच्या पाठीचं डावं तोंड असायचं, जमिनीपासून अडीच फूट उंच, तिथे हवेत माशा उभ्या होत्या.

बाक कापला तेव्हा या बाहेर कामावर होत्या. पायांना पिवळे परागाचे गोळे लावून घरी आल्या, तर घर नव्हतं. पत्ता बरोबर होता. दोनेक मुठी माशा एका बिंदूभोवती घिरट्या घालत होत्या, आत शिरायला बघत होत्या आणि हवेतून आरपार पलीकडे निघत होत्या. मग वळून पुन्हा. परवापासून असं चाललं होतं. अंधार पडला की करंजाच्या पानांवर बसायच्या, उजाडलं की पुन्हा दाराशी यायच्या. काहींनी परागाचे गोळे अजून टाकले नव्हते.

इसरू खाली बसला. काठावर बसायची सवय होती, पण काठ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिव्यानी आली. ती बराच वेळ बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "ही चिलटं नाहीत."

"नाई."

मागे न बघता ती बसायला गेली आणि जमिनीवर आदळली. इसरू हसला नाही, तीही उठली नाही. तिथूनच म्हणाली, "आपण त्यांना त्या निवासात नेऊ शकतो ना? मी पाल काढते."

"राणी आत होती."

दिव्यानीनं मोबाइल काढून पाहणीत दुरुस्ती करायचा प्रयत्न केला. शून्याच्या जागी दुसरा आकडा बसेना; मुदत संपली होती. "सोमवारी इथे चौथऱ्याचं काँक्रीट पडणार," ती म्हणाली. "माझ्या हातात नाही. तुम्ही अर्ज द्या. मी वर पाठवते." कानातले डूल काढून तिनं पर्समध्ये टाकले.

संध्याकाळी रीना बाबाला घ्यायला बागेत आली. इसरूनं तिला एकच विचारलं.

"शिवेवर सत्तावीस सांगून आलो. एक कमी कराचा का?"

"मायचा एक बी कमी नाई होत, बाबा."

"मी सांभाळलं नाई."

"तुमी सांभाळाले होते ना, तिनं थोडी मोजलं ते. तिनं सापडलेलं मोजलं." रीनानं डोळे पुसले आणि हवेकडे बोट केलं. "या माशायचं काय?"

या माशा आता नवं घर करणार नाहीत, राणीशिवाय होत नाही. रोज थोड्या कमी होतील. दहा दिवस, बारा दिवस, मग एक दिवस कोणी येणार नाही. तेवढ्या दिवसांचंच काम उरलं होतं. पण सोमवारी तिथे चौथरा येणार आणि वर दात असलेली माशी. मग या घिरट्या तरी कुठे घालणार? पत्त्याच्या जागी काँक्रीट आणि काँक्रीटवर हसू. इसरू शनिवारी फाटकाच्या खोलीत गेला आणि पहिल्यांदाच आपणहून खुर्चीवर बसला.

"लिहा," तो म्हणाला. "या डाव तोंडानं सांगतो."

गुणवंतरावांचं अक्षर चांगलं होतं. त्यांनी कोरा कागद घेतला, समास पाडला आणि विचारलं, "हवा कोणत्या खात्यात येते?" दोघांनी विचार केला. शेवटी ती जागा मोकळी सोडली.

*प्रति, मा. सक्षम अधिकारी, ................ खाते.*

*विषय: बाक क्रमांक सातच्या जागेवरील हवेबाबत.*

*महोदय, वरील विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर उद्यानात बाक क्रमांक सात नव्हता हे कार्यालयाचे म्हणणे अर्जदारास मान्य आहे. तथापि त्याच्या पाठीच्या पाइपात अर्जदाराची पत्नी कै. कमला इसरू कुळमेथे हिच्या मालकीच्या माशा राहत होत्या. बाक हलवला त्या वेळी काही माशा कामानिमित्त बाहेर असल्याने त्यांना सूचना मिळालेली नाही. त्या दररोज सकाळी सात ते सायंकाळी सहापर्यंत घरी येत आहेत.*

*सदर घर जमिनीपासून अडीच फूट उंचीवर, करंजाच्या बुंध्यापासून चार हात, कुंपणाकडे तोंड केले असता उजव्या बाजूस, एवढ्या हवेत आहे. हवा जास्त नाही. दोन ओंजळी पुरे.*

*तरी विनंती की, शेवटची माशी येणे थांबवेपर्यंत सदर हवेत चौथरा, पुतळा, पाहुणे अथवा भाषण यांपैकी काहीही ठेवण्यात येऊ नये. तसेच हवेला गवत बांधता येत नाही, ही अर्जदाराची अडचण लक्षात घेऊन, कार्यालयाने आपल्या स्तरावर सदर हवेला कमलाबाईच्या नावाची गाठ मारून द्यावी, आणि ती घरच्या माणसाखेरीज कोणीही सोडू नये, असे सर्व संबंधितांस वाचता येईल अशा अक्षरात कळवावे, ही नम्र विनंती.*